रिकाम्या खोलीचा आवाज

मित्रांनो, रायपूरच्या समता कॉलनीत एका दवाखान्याच्या वर ध्वनिमुद्रणाची जी बंदिस्त खोली आहे, तिथे मी राहतो. मी एक जुना मायक्रोफोन आहे. माझ्या जाळीमागे केसाहून पातळ पडदा आहे. हवा हलली की तो हलतो आणि त्या हलण्याची वीज होते. मला एवढंच येतं. हवा हलवणारा कोण, हे पडद्याला कळत नाही.

नीलकंठरावांनी मला नवाकोरा आणला. रेडिओवर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात लागते ना, तिला प्रोमो म्हणतात. शहरातले कितीतरी प्रोमो त्यांच्या आवाजात माझ्यातून गेले. पानठेल्यावर लोक त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखायचे. काम संपलं की ते मला मऊ फडक्याने पुसून डब्यात ठेवत.

वाचून झालं की ते अर्धं मिनिट गप्प बसत. शब्दांमधली जागा अगदी कोरी राहिली, तर ऐकणाऱ्याला रेडिओ बंद पडल्यासारखा वाटतो. म्हणून तिथे रिकाम्या खोलीचा आवाज भरतात. तो मला टिपता यावा म्हणून नीलकंठराव श्वास रोखून धरत. शेवटच्या हिवाळ्यात त्यांना तो धरवेना.

ते गेले आणि मी डब्यातच राहिलो. पडद्याला ओल लागली. मग त्यांची मुलगी इरावती आली. ती फिजिक्स शिकलेली. तिने भिंतींना जाड फोम लावला, पंख्याची घरघर काढली, मला वाळवलं. रेडिओवाल्यांनी बजावलं होतं, यंदा प्रोमो साफ नसला तर काम दुसरीकडे जाईल. त्यांना संगीताशिवाय, नुसत्या आवाजाचा प्रोमो हवा होता.

इरावतीने आवाज द्यायला बोलावलेल्या सोनियाने तो वाचला. इरावतीने तुकडे जोडून प्रोमो तयार केल्यावर सोनियाने हेडफोन लावला आणि लगेच काढला.

"दीदी, ये मेरे पीछे कौन साँस ले रहा है?"

"तूच घेऊन राहिली असशील."

"मेरी नाक सीटी नहीं बजाती, दीदी! आपका माईक बुड्ढा हो गया. फेंको इसको."

मला ते लागलं. मला ऐकू येतं, पण बोलता येत नाही.

इरावतीने एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी वायर, मग खुर्ची, मग मीच. माझ्या जागी दुसरा मायक्रोफोन लावला, तरी शीळ होतीच. मात्र सोनियाच्या मूळ वाचनात ती नव्हती. ती फक्त शब्दांच्या मधे भरलेल्या जागांत होती. तिथे इरावतीने जुनाच, शेवटच्या हिवाळ्यातला तुकडा वापरला होता. तिने तो एकटाच, मोठ्या आवाजात लावला. कुणीतरी हळू श्वास घेत होतं. श्वासाच्या टोकाला बारीक शीळ होती.

दुपारी तिने आईला, सुनीतीबाईंना, पुरानी बस्तीतल्या घरून बोलावून घेतलं.

"हे तर तुझ्या बाबांचं नाक," सुनीतीबाई ऐकताच म्हणाल्या. "कुठं आहेत हे?"

"सोनियाच्या शब्दांमधे. माझ्या प्रत्येक प्रोमोत मी हाच तुकडा भरून राहिले, आई. आजवर संगीताखाली दबून होता. काढला नाही तर काम जाते. आणि काढला तर..." तिने हेडफोन आईकडे सरकवला. "त्यांचं बोलणं ढीगभर आहे. नुसतं बसणं एवढंच आहे."

सुनीतीबाईंनी पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "जिवंतपणी सुट्टी घेतली नाही. मेल्यावरबी काम करून राहिले काय? काढ त्यायले तिथून. आता घरी येऊ दे."

इरावतीने तो तुकडा आईच्या मोबाईलमध्ये घातला आणि प्रोमोतून पुसला. जागा भरायला रिकाम्या खोलीचा नवा आवाज हवा होता. मला चालू ठेवून दोघी बाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. दार लागलं.

अर्धं मिनिट मी जीव ओतून ऐकलं. पडदा नुसत्या खोलीच्या हवेने किंचित हलला, श्वासाची शीळ कुठेच नव्हती. मित्रांनो, त्या खोलीत खरोखरच कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा भीती वाटली.

आमच्यासारख्यांना धुळीपासून, ओलीपासून जपा, आमच्यावर टिचक्या मारू नका, हे तर सांगतोच. पण घरचं माणूस काही न बोलता शेजारी बसलं असेल, तेव्हा टीव्हीचा आवाज जरा बंद करा. शब्द मी सांभाळीन. ते गप्प बसणं तुम्हीच ऐकून ठेवा.