ताटात उरलेला तुकडा

मी चर्चमधल्या प्रभुभोजनाचा पाव भाजते. सव्वीस वर्षं झाली, एक शनिवार चुकवलेला नाही. मंडळीत माणसं त्रेचाळीस, म्हणून तुकडेही त्रेचाळीस, मोजून. आणि गेली अकरा वर्षं दर रविवारी ताटात एक तुकडा उरायचा. तो माझ्या धाकट्या बहिणीचा.

आमच्या मंडळीची पद्धत अशी, की भाकर, म्हणजे हाच पाव, घेण्याआधी सगळ्यांनी उठायचं आणि ज्याच्याशी बिनसलंय त्याला हात द्यायचा. समेट झाला नसेल तर भाकर घ्यायची नाही. धाकटी दर रविवारी माझ्या बाकापाशी यायची, हात पुढे करायची. मी गीतांच्या पुस्तकात डोकं खुपसून उभी! मग ती जागेवर जायची आणि ताट समोर आलं की नको म्हणून मान हलवायची. मला वाटायचं, बरी खोड मोडली, मन खातंय हिचं हिलाच. मी मात्र माझा तुकडा न चुकता घ्यायचे. माझं काय चुकलं होतं? पाळक दोनदा समजवायला घरी आले. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

भांडण कशावरून, तेही सांगते. आमचे हे कारखान्यात बॉयलरवर होते. एकदा पिऊन कामावर गेले आणि एका कामगाराचा हात कोपरापर्यंत भाजला. धाकटी तिथेच पॅकिंगला. चौकशीत तिला विचारलं. "मी नाही पाहिलं" एवढं म्हणाली असती तर काय जीभ झडली असती? पण नाही, बाईसाहेबांनी पाहिलं ते सगळं सांगितलं. ह्यांची नोकरी गेली, दोन वर्षांत हेही गेले. घरच्या माणसाला तोंडघशी पाडणारी बहीण मला नको, असं तिच्या दारात उभं राहून सांगून आले. ती खरं बोलली होती हे मला ठाऊक होतं. म्हणून तर राग जास्त.

बाकी मंडळीत माझं नाव केवढं! बायकांची प्रार्थना मी घ्यायची, आजाऱ्यांना भेटायला सगळ्यांत आधी मी जायची. धाकटी चार महिने अंथरुणाला खिळली होती. दोन गल्ल्या पलीकडे. तेवढं एक घर सोडून मी गावभर फिरले.

गुरुवारी दुपारी तिची मुलगी दारात आली. चपला उलट्यासुलट्या घातलेल्या.

"मावशी, आत्ता चल. आई बोलावतेय."

"काय म्हणतेय?"

"पाळक सकाळी भाकर घेऊन आले होते. आईने घेतली नाही. म्हणाली, ताईने अजून हात दिला नाही. ताई आली की तिच्याच हातची घेईन." पोरीला हुंदका आवरेना. "अकरा वर्षं ती तुझ्यासाठी थांबलीय, मावशी. तिचा तुझ्यावर राग कधीच नव्हता गं."

तशीच धावत सुटायला हवं होतं ना? पण मी म्हणाले, "तू हो पुढे. मी ताजा पाव घेऊन येते. शिळं कसं नेऊ तिच्यासाठी?"

पीठ मळलं. फुगायला तास, भाजायला पाऊण तास. फडताळात डबा होता, त्यात रविवारचा तिचाच तुकडा होता. उरलेला तुकडा भाजणारीने खायचा असा रिवाज, पण तिचा तुकडा मी कधी तोंडाला लावला नाही. डब्यात ठेवायचे आणि आठवड्याने चिमण्यांना टाकायचे. तोच उचलून नेता आला असता. खरं सांगायचं तर पाव हे निमित्त होतं. तिच्यासमोर जाऊन काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं. माफी मागायची सवयच नव्हती मला मेलीला. भट्टीपुढे बसून वाक्यं जुळवत राहिले.

गरम पाव फडक्यात गुंडाळून गेले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

भाची नुसती बाजूला झाली. धाकटीचा उजवा हात चादरीबाहेर होता, तळवा उघडा. "सारखी हात बाहेर काढत होती," शेजारीण म्हणाली, "आम्ही आत घातला की पुन्हा बाहेर."

मी खाली बसले आणि तिला हात दिला. अकरा वर्षांनी. तिचा हात अजून पुरता गार झाला नव्हता. मी घट्ट धरला, तिने नाही धरला. "धाकटे, चुकलं गं माझं," म्हणाले. दोन तास जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही.

शनिवारी पाव भाजला. हाताला सवय, तुकडे त्रेचाळीसच केले. रविवारी हात द्यायची वेळ झाली, सगळे उठले. मीही उठले आणि बाकापाशी तिची वाट पाहत राहिले, वेड्यासारखी. कुणीतरी दंडाला धरून मला खाली बसवलं.

पाळक ताट घेऊन आले. मी मान हलवली.

"घ्या बाई," ते हळूच म्हणाले.

"कशी घेऊ?" मी म्हणाले. "समेट राहिलाय माझा."

ते मग पुढच्या बाकाकडे गेले. त्या दिवशी ताटात दोन तुकडे उरले.