दोन काठ्यांचा शनिवार

माझा जावई वाईट माणूस नाही, हीच माझी सगळ्यात मोठी अडचण आहे. दारुडा असता, उधळ्या असता, गेला बाजार उद्धट असता, तरी चारचौघांत त्याच्यावर राग काढता आला असता. पण अर्लेंड फ्लेटच्या अंगात तसलं काही नाही. ऑर्कनी बेटांवरचा, कोळ्याचा मुलगा, आता इथे हंटलीच्या शाळेत मास्तर. जेवण झालं की कुणी न सांगता भांडी घासायला उठतो. जूनमध्ये त्याचं आणि माझ्या एल्सपेथचं लग्न झालं, तेव्हापासून नेटाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या तोंडात दुसरं नावच नाही. अर्लेंडने जिन्याचा कठडा नीट केला. अर्लेंडने शेजारणीची मांजर शोधून दिली. मी चाळीस वर्षं व्हिस्कीची पिंपं बांधली, माझ्या एका पिंपातून कधी थेंब गळला नाही, पण त्याबद्दल या घरात कुणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र अजून माझ्या बाजूला होती. एल्सी, म्हणजे आमची एल्सपेथ, घरी आली आणि किटली तिच्या हातात गेली की पहिला कप माझा. लहानपणापासून तसंच. लग्नानंतर ती दोघं पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो. तिने पहिला कप माझ्यापुढे ठेवला. मी अर्लेंडकडे बघून चांगला आवाज करून भुरका मारला.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आमचा शनिवार.

एल्सी नऊ वर्षांची होती तेव्हापासून ऑक्टोबरचा पहिला शनिवार-रविवार आम्ही दोघं डेव्हरन नदीवर काढतो. शनिवारी सॅमन, रविवारी ट्राउट. उलटं चालत नाही, कारण रविवारी सॅमनवर गळ टाकायला आमच्या देशात बंदी आहे. आणि पुढचा आठवडा धरावा तर ट्राउटचा हंगाम सहा तारखेला संपतो. म्हणून दोन्ही मासे हवे असतील तर तेवढाच एक मुहूर्त. नदीच्या त्या पट्ट्याचा राखणदार डॉड. त्याच्याकडे शनिवारी फक्त दोन काठ्यांना, म्हणजे गळ टाकणाऱ्या दोनच माणसांना परवानगी. पाद्रीबुवांचा डोह नावाची जागा आहे तिथे, वरून पिवळी पानं वाहत येतात आणि खालून समुद्राकडून आलेले सॅमन वर चढत असतात. एल्सी पुढे, मी मागे. एक फेक, एक पाऊल. दिवसभरात आम्ही वीस वाक्यं बोलत असू, पण वर्षभर पुरतील इतकी.

याचा बेत सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरात ठरतो. यंदा एल्सी आली ती अर्लेंडला घेऊन.

मी टेबलावर माश्यांची डबी उघडून बसलो होतो. माश्या म्हणजे गळाला पिसं नि दोरा गुंडाळून मीच बांधलेल्या. अर्लेंडने एक उचलली, उजेडात धरली आणि दोरीला गाठ मारून दाखवली. माझ्यापेक्षा पटकन.

"मिस्टर रिडॉक, ही गाठ जरा थुंकी लावून ओढली ना, तर सुटत नाही," तो म्हणाला. "आमचे वडील तसं करायचे."

तो जन्मला नव्हता तेव्हापासून मी ती थुंकी लावूनच ओढतो.

"शीक, विल, शीक काहीतरी," नेटा चुलीजवळून म्हणाली.

"तू सूप ढवळ," मी म्हणालो.

एल्सी हसली. तिचं हसणं माझ्या बोलण्यावर होतं की तिच्याकडे बघून डोळे मिचकावणाऱ्या त्या लांबड्यावर, ते काही मला कळलं नाही, आणि ते न कळणंच मला झोंबलं.

"बाबा, अर्लेंडलाही यायचंय रे," ती म्हणाली.

"येऊ दे की. नदी काय माझ्या बापाची आहे?"

"असं तिरकं नको बोलू. ऐक तरी. शनिवारी तो नाहीच. शाळेच्या मुलांना घेऊन एल्गिनला जायचंय त्याला, व्हायोलिनची स्पर्धा आहे. रविवारी मोकळा आहे. आणि शनिवारचं तर मी त्याला—"

"बघतो डॉडला काय जमतंय ते," मी मध्येच तोडलं.

"पण बाबा, माझं पुरतं—"

"म्हटलं ना, बघतो."

अर्लेंडने माशी अलगद डबीत ठेवली, बरोबर ज्या कप्प्यातून काढली होती त्याच कप्प्यात. याचाही मला राग आला.

ती दोघं गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. माझ्या पोटात काय चाललं होतं ते सरळ सांगतो. मी जळत होतो. सहासष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि एका पोरसवद्या मास्तरावर जळत होतो. यंदा रविवार मागितलाय. पुढच्या वर्षी शनिवार मागेल. दोन काठ्या म्हणजे दोनच. तिसरा आला की कुणीतरी काठावर बसून चहाचा थर्मास सांभाळणार, आणि तो कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. तिथून मी त्या दोघांना बघणार. ती पुढे, तो मागे. एक फेक, एक पाऊल.

मी ठरवलं, यंदा एकच दिवस जायचं. शनिवार. रविवार रद्दच करून टाकायचा. कारण विचारलं तर गुडघे आहेतच.

डॉडच्या घरी फोन नाही. त्याला पोस्टकार्ड टाकावं लागतं. मी कार्ड घेतलं आणि तारखेसाठी भिंतीकडे पाहिलं. तिथे मासेमारी मंडळाचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे, ऑक्टोबरचं पान उघडं असलेलं. त्या पानावर माझा आणि एल्सीचा फोटो छापलाय, दोघांच्या हातात मिळून एक अठरा पौंडी सॅमन. फोटोत ती माशाकडे बघत नाही, माझ्याकडे बघतेय. ते पान मी उलटू दिलेलं नाही. आमच्या घरात नवीन वर्ष आलंच नाही, असं नेटा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते.

रागात माणूस सवयीने वागतो. मी शनिवारच्या रकान्यात बोट फिरवलं, चार आकड्यावर थांबलो, सुताराच्या निळ्या पेन्सिलीने त्याला ठसठशीत गोल केला आणि कार्डावर लिहिलं: 'डॉड, यंदा एकच दिवस येतो. चार ऑक्टोबर. विल.' लगेच कोट चढवून पेटीत टाकूनही आलो, मन बदलायच्या आत.

मग एल्सीला फोन केला.

"डॉडला कळवलंय," मी म्हणालो. "यंदा एकच दिवस. चार तारीख."

"फक्त चार?" ती म्हणाली. "एकच दिवस? बाबा, खरंच?"

"गुडघे दुखतात."

"बाबा..." तिचा आवाज भरून आला. मला ऐकवेना. मी "आईला देतो" म्हणून फोन नेटाच्या हातात कोंबला आणि मागच्या खोपटात जाऊन काठ्या पुसत बसलो. पोरगी रडली नवऱ्यासाठी, रडू दे. लाज वाटत होती, नाही असं नाही, पण त्या लाजेखाली आत कुठेतरी गार वाटत होतं. शनिवार वाचला होता.

पुढचे चार दिवस घरात काहीतरी बिघडलं होतं. नेटा माझ्याशी गोड वागत होती. सोमवारी कांदा घालून परतलेलं ओटाचं पीठ, माझ्या आवडीचं. मंगळवारी अर्लेंड शाळेत जाता जाता दाराशी बटरींची, इकडच्या खाऱ्या चपट्या पावांची, पिशवी ठेवून गेला, बेकरीतून नुकत्याच निघालेल्या, कागदाला तूप सुटलेल्या.

"हे कशाबद्दल?" मी विचारलं.

"जसं काही ठाऊकच नाही," नेटा म्हणाली. "अडतीस वर्षं संसार केला, पण तुझं मन एवढं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं हो."

मला वाटलं टोमणा मारतेय. मी बटरी खाल्ल्या. चांगल्या होत्या, त्याचंही दुःखच झालं.

गुरुवारी डॉडचं कार्ड आलं. नेटा दुकानात गेली होती, मी एकटाच होतो.

'विल, चारला ये. रविवारी ट्राउटला काठ्यांचं बंधन नाही, जावयालाही आण. तुझा शनिवार मी एकोणीस वर्षं कुणाला दिला नव्हता, पण यंदा तूच मागितला नाहीस म्हणून ॲबर्डीनच्या दोन दंतवैद्यांना देऊन टाकला. नेटा भेटली होती, तिने सगळं सांगितलं. जावयाला शनिवारी जमत नाही म्हणून तू सॅमनवर पाणी सोडलंस. तुझ्याकडून अपेक्षा नव्हती. शाबास. डॉड.'

मी कार्ड दोनदा वाचलं. मग हळूच मान वर करून भिंतीकडे पाहिलं. गेल्या वर्षी चार तारखेला शनिवार होता. यंदा चार तारखेला रविवार.

आणि कुणी विचारलंही नाही! कसं विचारतील? विल रिडॉक रविवारी सॅमनला निघालाय असं या गावात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. रविवार मागितला म्हणजे ट्राउट, आणि ट्राउटचा एकच दिवस मागितला म्हणजे शनिवार सोडला. सगळ्यांनी सरळ हिशेब केला होता. वाकडा होतो तो मी एकटा.

खरं सांगावं असं मनात आलं. पण खरं म्हणजे काय सांगायचं? पोरी, तुझा नवरा येऊ नये म्हणून मी चार लिहिलं? कार्ड खिशात घातलं आणि मूग गिळून बसलो. दंतवैद्यांना मात्र मनातल्या मनात सगळ्या शिव्या देऊन झाल्या.

रविवारी दोघं जेवायला आली. दारातच एल्सीने मला मिठी मारली, इतकी घट्ट की चष्मा वाकडा झाला. अर्लेंडने माझा हात हातात घेतला.

"मिस्टर रिडॉक, मला काय बोलावं तेच..."

"मग नको बोलूस," मी म्हणालो. सगळे हसले. माझा प्रत्येक शब्द आता त्यांना गोडच लागत होता.

जेवण झाल्यावर तो माझ्या जाळीचा सैल दांडा बसवायला मागच्या अंगणात गेला. नेटा टेबल पुसत होती. एल्सीने किटली ठेवली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, त्या दिवशी तू मला बोलूच दिलं नाहीस," ती हळू आवाजात म्हणाली. "मी तुला हेच सांगत होते. अर्लेंडला मी लग्नाआधीच बजावलं होतं, 'ऑक्टोबरचा शनिवार माझा आणि बाबांचा. तो दिवस तू कधी मागायचा नाहीस. आपल्याला मुलंबाळं झाली तरी नाही.' त्याला नुसता रविवार हवा होता रे, तोही दुपारनंतर."

मी वाकडा झालेला चष्मा काढून सरळ करू लागलो.

"आणि तू शनिवारच देऊन टाकलास," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण मग वाटलं, बाबांनी त्याला आपलं मानलं. मी फोन ठेवल्यावर रडले, माहितेय? आनंदाने."

माझा होता तो. न मागता, न भांडता, जन्मभर माझा होता तो शनिवार. आणि मी तो निळ्या पेन्सिलीने गोल करून दंतवैद्यांच्या हवाली केला होता. आता तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. "एल्सी, ते असं झालं की..."

दार उघडून अर्लेंड आत आला, हात पँटला पुसत. कोट अडकवायला तो खुंटीपाशी गेला. खुंटी कॅलेंडरच्या शेजारीच आहे.

"छान फोटो आहे," तो म्हणाला. मग वाकून बघितलं. मास्तरच तो, त्याला चूक दिसल्याशिवाय कशी राहील? "पण हे गेल्या वर्षीचं आहे, मिस्टर रिडॉक. यात चार तारीख शनिवारी दाखवलीय. तुम्ही गोल पण शनिवारवरच केलाय!" आणि तो निर्मळ हसला. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

नेटाच्या हातातलं फडकं थांबलं.

एल्सी कॅलेंडरपाशी गेली. तिने गोलावर बोट ठेवलं, मग बोट वर सरकवत नेलं, रकान्याच्या डोक्यावरच्या 'शनिवार'पर्यंत. माझ्या मुलीला डोकं आहे, ते तिला माझ्याकडूनच मिळालंय. ती वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी मान खाली घातली, आणि जे काही सांगायचं राहिलं होतं ते तेवढ्यात सांगून झालं.

"माहितेय रे," ती अर्लेंडला म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात. "बाबांनी ते फोटोसाठी ठेवलंय."

एवढंच. नवऱ्यासमोर तिने मला झाकून घेतलं.

किटली शिट्टी मारू लागली होती. एल्सीने चहा केला, चार कप मांडले आणि ओतायला लागली. मी सवयीने हात पुढे केला. पहिला कप तिने अर्लेंडला दिला, दुसरा आईला. माझा तिसरा होता. तो मी मुकाट्याने घेतला.