सभागृहाच्या दाराची कडी

या, मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज बारीक, पण गोष्ट मात्र साऱ्या देशाच्या कायद्याची आहे. मी एक जुनी पितळी कडी आहे.

एका कारागिराने मला देवाचे नाव घेत ओतले, घासले आणि कायदेमंडळाच्या सभागृहाच्या दारावर बसवले. काम एकच. मतदानाची घंटा पाच मिनिटे वाजायची. ती थांबली की द्वारपालाने मला सरकवायचे. मग राव असो वा रंक, मोजणी होईपर्यंत आत कोणी नाही, बाहेर कोणी नाही.

माझा द्वारपाल मोठा मायेचा माणूस. दर सोमवारी मला पुसताना भजन गुणगुणायचा. पाहुणे म्हणत, "कडी कसली, आरसाच की!" आणि लाजायचा तो.

त्या वर्षी एक विधेयक आले. लहान गावांच्या नगरपरिषदा मोडायच्या आणि त्यांचा कारभार दूरच्या प्रादेशिक मंडळांकडे द्यायचा. ते मांडले गेले, समितीत चार महिने घोळले, गावोगावची मते आली, एकेक कलम वाचून झाले. उरले शेवटचे मतदान. मोडायच्या यादीत द्वारपालाचे गावही होते. त्याची थोरली बहीण तिथल्याच नगरपरिषदेत कारकून.

त्या दिवशी ती गावकऱ्यांना घेऊन आली होती. गावाने कायदेमंडळात निवडून दिलेले म्हातारे सदस्य बाहेर हिरवळीवर सगळ्यांना धीर देत बसले. "अहो, माझं मत विरोधातच! झोपा निवांत!" धीर देता देता घंटा वाजतेय याचेच भान सुटले. कानी पडली तेव्हा धावत सुटले. एक चप्पल मागेच राहिली.

घंटा थांबली. ते दहा पावलांवर होते.

"बाळ्या, थांब ना रे!" मागून बहीण ओरडली. "आपलं गाव आहे ते!"

"ताई, घंटा थांबली."

"दहा पावलं रे! कोण बघतंय?"

कोणी बघत नव्हते, हे खरेच. त्याची बोटे माझ्यावर होती, गार पडलेली. मग त्याने मला सरकवले.

विधेयक एका मताने मंजूर झाले. बरोबरी झाली असती तर ते पडले असते, असा तिथला नियम. दुपारी द्वारपालाने डबा खाल्ला, धुतला. शिपायाने विचारले, "काय होती भाजी?" तो म्हणाला, "भाजी होती का?"

पुढे वरच्या सभागृहाने होकार दिला, राष्ट्रप्रमुखांची सही झाली, राजपत्रात छापून आले. झाला कायदा. गावची दप्तरे ट्रकमधून परक्या शहरात गेली आणि त्यांच्यामागे ताईची बदलीही. म्हातारे सदस्य येऊन म्हणाले, "चूक माझी रे, तुझी नाही." द्वारपालाने नुसती मान हलवली. साहेबांनी त्याला शिस्तीचे प्रशस्तिपत्र दिले. तेही त्याने तसेच घेतले, एखादी पावती घ्यावी तसे. सोमवारी तो मला पुसायचा. भजन मात्र नाही. ताई त्याच्याशी बोलत नव्हती.

आता दार विजेवर चालते. तो निवृत्त झाला आणि मी कोठीतल्या खोक्यात काळी पडले आहे. मला घासा, असे मी म्हणत नाही. पण मित्रांनो, नियम पाळणाऱ्या माणसालाही मन असते, ते जपा. तो कायदा कधी हाती आला तर खाली थोरामोठ्यांच्या सह्या दिसतील. तेव्हा माझ्या द्वारपालाची आठवण काढा. आणि ताई भेटलीच कुठे, तर तिला सांगा, मला सरकवले खरे, पण मोजणी संपेपर्यंत त्याच्याने माझ्यावरचा हात काढवला नव्हता.