दगड लागल्याचा आवाज

गाडीखाली आडवा पडून मामा इंजिनाला पावडर लावत होता. तान्ह्या बाळाला लावतात तीच, डब्यातली. आधी त्याने इंजिन खालून धुऊन कोरडं केलं होतं. आता गाडी चालू ठेवायची आणि पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली रेघ कुठून उतरते ते बघायचं. गळती शोधायची ही साधी, सरळ रीत. पहिल्या वेळीच ती वापरली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण तेव्हा मामाला घाई होती आणि घाईपेक्षा मिजास जास्त होती.

गाडी त्याच्या थोरल्या बहिणीची. लहानशी, चार माणसं कशीबशी मावतील एवढी. ताई नर्स होती. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांची वाट बघून झाल्यावर, निवृत्तीनंतर, केस पिकल्यावर ती हट्टाने गाडी शिकली. शिकवली मामानेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधायला ती घरोघर स्वतः गाडी घेऊन जाऊ लागली आणि तिची चालच बदलली. तिच्या गाडीला आपल्या गॅरेजात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अशी मामाची सक्त ताकीद होती. तसा तो मामा एकट्या भाच्याचा, ताईच्या मुलाचा. पण भाच्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्याला मामा म्हणायची.

मग एका सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं दिसलं. मामा गेला, वाकला, बघितलं. इंजिनाच्या तळाशी तेल साठायचं पत्र्याचं चेंबर असतं, त्याच्या कोपऱ्यातून थेंब पडत होते आणि पत्र्यावर एक ओरखडा होता. झालं. भाचा आणि ताईची सूनबाई उभे असतानाच त्याने निकाल देऊन टाकला.

"ताई, कुठल्या दगडावर घातलीस? चेंबर आपटलंय."

ताई आधी नाही म्हणाली. मग विचारात पडली. "हो रे, आवाज आला होता बहुतेक," ती हळूच म्हणाली. "त्या वळणावर. मला वाटलं, काही नसेल."

आई, ही मोटार आहे, रणगाडा नव्हे, असं भाचा म्हणाला आणि सगळे हसले. मामाही हसला. संध्याकाळी ताईने आपण होऊन किल्ली मुलाच्या हातात दिली. कुणी मागितली नव्हती. त्यानंतर ती जवळच्या पेशंटांकडे पायी जाऊ लागली आणि लांबचे तिने सोडून दिले. मामाने चेंबर उतरवून सांध्यात नवं पॅकिंग घातलं. तेल पडायचं काही थांबलं नाही, म्हणून आज ही पावडर.

रेघ दिसली. ती चेंबरपासून निघतच नव्हती. वरून, ऑइल फिल्टरच्या कडेने ओघळून ती चेंबरवर येत होती आणि कोपरा गाठून टपकत होती. इंजिन निवू देऊन त्याने फिल्टर फिरवून काढला. फिल्टरच्या तोंडावर रबरी रिंग होती, असायला हवी तशी. मग त्याने इंजिनाच्या बाजूने बोट फिरवलं. तिथेही एक रिंग होती.

जुन्या फिल्टरची. गेल्या सर्व्हिसिंगला तो काढताना ती तिथेच चिकटून राहिली होती आणि मामाने तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. काळ्यावर काळं, त्याला दिसलं नाही. चष्मा लाव म्हणून बायको मागे लागली की तो म्हणायचा, माझ्या बोटांना डोळे आहेत. त्या दिवशी बोट फिरवायलाही तो विसरला. आणि अशाच चुकीपायी त्याने एका जुन्या फिटरला गिऱ्हाइकांदेखत घालवून दिलं होतं. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीखालून बाहेर यायचीही लाज वाटली, बाहेर कुणी नसताना.

रिंग भंगारात टाकली की विषय संपत होता. दुरुस्त झाली म्हणून सांगितलं तर कुणी काही विचारणार नव्हतं. ताईनेही मान डोलावली असती, माझ्यामुळे तुला त्रास झाला म्हणाली असती. हे तिचं म्हणणं कानात वाजलं आणि मामाने रिंग फडक्यात गुंडाळून खिशात घातली.

फिल्टर नीट बसवून तो गाडी घेऊन ताईच्या घरी गेला. सगळे बसलेलेच होते. त्याने टेबलावर किल्ली ठेवली, शेजारी रिंग ठेवली, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दगड लागला नव्हता, तो ओरखडा जुना होता, चूक त्याची होती. मामा, चालायचंच, असं काहीतरी भाचा पुटपुटला. ताईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मग मी ऐकला तो आवाज?"

मामाला तिच्याकडे बघवेना. "तो आलाच नव्हता, ताई. मी म्हणालो म्हणून तुला आठवला."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने रिंग उचलली, बोटांत फिरवून बघितली.

"ही तुला दिसली नाही?"

"नाही."

"कधीपासून दिसत नाही?"

मामा टेबलावरची किल्ली उगाच सरळ करू लागला. आयुष्यभर तिने माणसांना असेच प्रश्न विचारले होते आणि न दिलेली उत्तरं तिला कळत असत. तिने चप्पल पायात सरकवली, किल्ली उचलली. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना अजून उघडा असेल, चल, म्हणाली.

मामा तिच्या शेजारी बसला. हातांना तेल होतं, म्हणून ते मांडीवर उताणे ठेवले. ताई छान चालवत होती, त्याने शिकवलं होतं तशीच. पुढे स्पीडब्रेकर आला. तिने गाडी जवळजवळ थांबवली, काच खाली घेतली, आणि मान तिरकी करून चाकं उतरेपर्यंत ऐकत राहिली.

"काही लागलं का रे?"

"नाही, ताई."

ती पुढे निघाली. पुढच्या स्पीडब्रेकरवर तिने पुन्हा काच खाली घेतली.