बोट ज्याच्यावर थांबेल तो

मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवर टांगतात तसला नव्हे. वहीच्या पानाएवढा, प्लास्टिकमध्ये बंद केलेला आणि एका कोपऱ्यात कायमचा दुमडलेला. मित्रांनो, तुमच्या शाळेत पाढ्यांचा तक्ता असतो ना? माझ्यावरही आकडेच आहेत, पण ते पाठ करून कोणाला शाबासकी मिळायची नाही. माझं काम माणूस निवडण्याचं होतं.

माझा जन्म सीताबर्डीतल्या एका छापखान्यात झाला. त्या वर्षी सात देशांत एकाच वेळी एक पाहणी व्हायची होती. लोकांना झोप लागते का, जीव घाबरा होतो का, सगळं नकोसं वाटतं का, असे मनाचे प्रश्न साती देशांत सारखेच विचारायचे होते. म्हणून साती देशांत माझ्यासारखे तक्ते छापले गेले. आकडे तेच, अक्षरं त्या त्या देशाची. परदेशातल्या त्या भावंडांपैकी एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. नागपुरात आम्ही चाळीस जण होतो. बाकीचे एकोणचाळीस कुठे गेले, कोण जाणे.

माझी रीत सोपी होती. सगळ्या शहराला विचारत बसलं तर जन्म जाईल, म्हणून थोड्याच वस्त्या निवडायच्या, तिथली घरं आधी कागदावर उतरवायची आणि त्यातलं दर विसावं घर घ्यायचं. त्या घरातल्या मोठ्या माणसांची यादी करायची, सर्वांत वयस्कर माणूस पहिला. मग माझ्यावर दोन बोटं ठेवायची. एक बोट माणसांच्या संख्येवर, दुसरं घराच्या क्रमांकातल्या शेवटच्या आकड्यावर. दोन्ही बोटं सरकत जिथे भेटतील, तिथे जो आकडा असेल, त्या क्रमांकाच्या माणसाशीच बोलायचं. दुसऱ्या कोणाशी नाही. तो घरी नसेल तर परत यायचं. तीन वेळा यायचं.

एवढी कटकट कशाला, असं तुम्हाला वाटेल. तेव्हाही पुष्कळांना वाटायचं. पण जो हसून दार उघडतो त्यालाच विचारत गेलं, तर सगळं जग मजेत आहे असंच निघेल. ज्याचं मन दुखत असतं, तो बहुधा दार उघडायला येतच नाही. मी कोणाचं तोंड बघून निवडत नव्हतो, याचा मला फार अभिमान होता. थोडा गर्वच म्हणा.

माझी मालकीण म्हणजे इंदूबाई. ती घरोघर जाऊन प्रश्न विचारायची. तिच्या पर्समध्ये मी पाण्याची बाटली आणि छत्री यांच्यामध्ये राहायचो. प्रशिक्षणाच्या वेळी मोठे साहेब मला उंच धरून म्हणाले होते, "हा तक्ता म्हणजे पाहणीचा कणा आहे." टाळ्याही वाजल्या होत्या. पण खरं सांगू? माझ्याइतकं एकटं कोणी नव्हतं. बोटं माझ्यावर यायची, माणूस ठरायचा, आणि लगेच मला पर्समध्ये ढकललं जायचं. मग चेन बंद. बाहेर तासभर कोणी तरी मन मोकळं करायचं आणि मला नुसती कुजबुज ऐकू यायची. शेकडो माणसं मी निवडली, ओळख एकाशीही झाली नाही.

त्या काळात इंदूबाईच्या हातून एक चूक झाली. एका घरात दोन्ही बोटं केशव नावाच्या तरुणावर थांबली. तो खोलीचं दार लावून बसला होता. इंदूबाई दोनदा गेली, दोनदा परत आली. तिसऱ्यांदा जायचा तिला कंटाळा आला. केशवची बहीण गार्गी बोलायला एका पायावर तयार होती. इंदूबाईने तिचीच उत्तरं लिहून टाकली. सगळं छान, सगळं मजेत. पुढे काही महिन्यांनी सीताबर्डीच्या गर्दीत तिला गार्गी भेटली. भाऊ आता खोलीतून बाहेरच येत नाही, शिकणं सुटलं, असं ती रडत सांगत होती. इंदूबाई त्या दिवशी घरी गेली आणि मला टेबलावर ठेवून कितीतरी वेळ नुसती बघत बसली. मला तिचा राग आला होता, पण तिच्याकडे बघून तो टिकला नाही.

पाहणी संपली. धंतोलीतल्या कार्यालयाच्या लोखंडी कपाटात मला टाकलं गेलं. खालच्या दवाखान्यात विदर्भातून पेशंट यायचे, दिवसभर जिन्यावर पावलं वाजायची. माझ्याकडे मात्र कोणी फिरकलं नाही. मधे एकदा वीज गेली तेव्हा कोणी तरी मला काढून वारा घेतला. तेवढाच काय तो मान.

मग यंदा दुसरी पाहणी निघाली. आता प्रत्येकाच्या हातात टॅब होता आणि परदेशातल्या मोठ्या कार्यालयाने नवा नियम धाडला होता. तक्ता नको, घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल त्याला निवडा. सोपं, सुटसुटीत. पण सूचनांच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती, की जन्मतारीख माहीत नसेल तर जुना तक्ता वापरावा. ती ओळ फक्त इंदूबाईने वाचली होती. तिने मला कपाटातून काढलं, पदराने पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं.

वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे, एका दोन खोल्यांच्या घरी ती पोहोचली. "जय भीम" झालं, पाणी आलं. घरात चार मोठी माणसं होती. म्हातारे बळीराम, त्यांची बायको भीमाबाई, मुलगा विक्की आणि सून पिंकी. इंदूबाईने वाढदिवस विचारले.

"बाबाचा एक जून," विक्की म्हणाला. "आईचा एक जून. माहा बी एक जून, अन् पिंकीचा बी."

"चौघांचाही?"

"शाळेत गुरुजीनं तेच लिवलं ना मॅडम. आईचं आधार काढलं तवा तिथल्या पोट्ट्यानं तेच ठोकलं. आमच्या घरी एकच केक पुरते!"

टॅबला हसू येत नाही. खरी तारीख कोणालाच ठाऊक नाही म्हटल्यावर तो तिथेच अडून बसला. इंदूबाईने कार्यालयात पाहणीचं काम बघणाऱ्या गौरांग सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, जो घरी असेल त्याला घ्या. माणूस तो माणूस."

पिंकी पुढे सरकली. "माहंच लिहून घ्या ना मॅडम. मले आता टाइम आहे."

इंदूबाईने फोन ठेवला. मग तिने पर्सची चेन उघडली. इतक्या वर्षांनी माझ्यावर पुन्हा दोन बोटं आली. चार माणसं, घराचा शेवटचा आकडा सात. बोटं भेटली तिथे एकचा आकडा होता. पहिला माणूस. बळीराम.

"बाबा?" विक्की म्हणाला. "ते कोनाशीच बोलत नाहीत. त्याहिचं काय लिहान तुम्ही?"

बळीरामनी तीस वर्षं गोदामात पोती उचलली होती. गोदाम दुसरीकडे हललं तेव्हापासून ते सकाळी उठून ट्रकच्या वजनकाट्यापाशी जाऊन बसत आणि अंधार पडायच्या आत परत येत. कोणी बोलावलेलं नसे, कोणी हाकलतही नसे. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचा स्वभावच तसा.

त्या दिवशी ते घरी नव्हते. दुसऱ्या खेपेला होते, पण इंदूबाईला पाहताच चपला घालून निघून गेले. तिसऱ्या दिवशी इंदूबाई सकाळी सातलाच दारात हजर झाली. बळीराम ओट्यावर चहा पीत होते. बाकीचे आत गेले. नियमच आहे तसा, बोलताना जवळ कोणी नसावं.

"मलेच काहून विचारून राहिले बाई?" बळीराम खाली बघत म्हणाले. "कोनं सांगतलं माह्याबद्दल? पोट्ट्यानं? मी का पागल आहो?"

तेव्हा मला कळलं, की हे म्हातारे का पळत होते. घरच्यांनीच आपलं नाव दिलं, आपल्याला वेड्यात काढलं, असं त्यांना वाटत होतं.

इंदूबाईने मला त्यांच्या हातात दिलं. "कोनंच नाही सांगतलं बाबा. हे पाहा. चार मानसं, सात आकडा. बोट इथं आलं. आठ असता तर तुमच्या सुनेवर आलं असतं."

बळीरामनी माझ्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. त्यांचा अंगठा खरखरीत होता. "म्हणजे नुसता नंबर लागला?"

"नुसता नंबर. पन तुमच्या जागी दुसरं कोनी चालत नाही. तुम्ही जे सांगसान ते चार हजार मानसाइच्या वतीनं धरतात. तुमच्यासारखेच, ज्याहिच्या घरी आम्ही गेलो नाही."

"चार हजार?" त्यांनी मान वर केली. "त्याहिले कोनीच विचारत नाही?"

"नाही बाबा. तुम्हालेच विचारलं."

चहाचा कप त्यांनी बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मंग नीट सांगा लागन."

आणि ते बोलू लागले. मला त्यांनी हातातून सोडलंच नाही. पहिल्यांदाच मी पर्सच्या बाहेर होतो, पहिल्यांदाच सगळं ऐकलं. ते काय बोलले ते मी तुम्हाला सांगणार नाही, तोही नियमच आहे. एवढंच सांगतो, की इंदूबाईला दोनदा चष्मा पुसावा लागला. शेवटी तिने धंतोलीतल्या मनाच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी दिली तेव्हा बळीरामनी ती खिशात ठेवली आणि आत हाक मारली, "विक्की, इकडे ये गा जरा." भीमाबाई दारातच थबकली. या घरात ती हाक कितीतरी दिवसांनी ऐकू आली होती.

मी पुन्हा कपाटात आहे, मित्रांनो. इथे अंधार आहे आणि एकटं वाटतं, ते नाकारत नाही. पुढच्या पाहणीत मला कोणी काढेल असं वाटत नाही. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात कोणी गप्प झालं असेल, तर त्याच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. "त्याचा स्वभावच तसा" असं म्हणू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्यालाच विचारा. तो उठून गेला तर परत जा. आमच्या नियमात तीन खेपा आहेत. घरच्या माणसासाठी मात्र खेपा मोजायच्या नसतात.