मिळो की मिळाली

कबरीच्या दगडावर आईचं नाव कोरून झालं होतं. त्याखालची ओळ तेवढी राहिली होती, आणि त्या एका ओळीपायी मधल्या बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

थोरला भाऊ म्हणत होता, "तिच्या आत्म्यास शांती मिळो." धाकटा म्हणत होता, "शांती मिळाली." भांडण कशाचं, तर क्रियापदाच्या शेपटाचं! दगड कोरणारा कारागीर छिन्नी धरून दोघांची तोंडं आळीपाळीने बघत होता. शेडमधली पांढरी भुकटी थोरल्याच्या काळ्या पँटवर बसली होती, पण त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"मिळो म्हणजे अजून मिळालीच नाही," धाकटा म्हणाला. "आईचं तारण झालंय, दादा, ती प्रभूजवळ पोचली. मेलेल्यांसाठी प्रार्थना करा, असं शास्त्रात कुठे आहे ते दाखव."

"आमच्या चर्चमध्ये पिढ्यानपिढ्या करतात. हॉल भाड्याने घेऊन नवा पंथ काढलेल्या तुम्हा हॉलवाल्यांना कालपरवा शास्त्र सापडलं, आणि निघालात आम्हाला शिकवायला!"

"हॉलवाले म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? आईला या वयात पुन्हा बाप्तिस्मा द्यायला हौदात बुडवून आणलंस. तान्हेपणी झालेला तिचा बाप्तिस्मा काय खोटा होता?"

"तान्ह्या बाळाला काय कळतं?"

मधली शिलाईकाम करायची. हौदात उतरायला आईला लागलेला पांढरा झगा तिनेच शिवला होता. तो दोरीवर वाळत असलेला थोरल्याने पाहिला आणि आईशी बोलणंच टाकलं. तरी आई बिचारी दोघांची मनं सांभाळायला सकाळी थोरल्याच्या चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला बसायची, संध्याकाळी धाकट्याच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवायची. धाकट्याने काय केलं? मूर्तिपूजा म्हणून तिच्या उशाखालची जपमाळ उचलून नेली. शेवटच्या आजारात ती रिकाम्या बोटांवरच जप मोजत पडायची. देवाच्या नावाने केवढा हा माज!

"लिहा हो," मधली कारागिराला म्हणाली. "मी सांगते ते लिहा. 'तिच्या मुलांनी तिला शांती मिळू दिली नाही.'"

कारागीर छिन्नी खाली ठेवून बघतच राहिला.

"वेड लागलंय का तुला?" दोघे भाऊ एकदम ओरडले.

"असलं काही कोरायचं नाही!" थोरला म्हणाला.

"अजिबात नाही!" धाकटा म्हणाला. "दादा सांगतोय ते ऐक ना, ताई. लोक काय म्हणतील?"

थोरल्याने मान डोलावली आणि धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला. मधली तो हात बघत राहिली. शेवटच्या दिवसांत आई अंथरुणावरून एवढंच मागत होती. दोघं एकदा माझ्याजवळ बसा, प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणा. ती प्रार्थना तर दोघांनाही मान्य होती. पण एक आहे म्हणून दुसरा यायचा नाही, आणि ती दाराकडे बघत बघत गेली.

"झालं एकदाचं तुमचं एकमत," मधली म्हणाली. "आईसाठी नाही झालं. अब्रू जाईल म्हणून झालं."

कारागिराने हळूच विचारलं, "मग ताई, खालची जागा कोरी सोडू?"

"सोडा," ती म्हणाली. "का कोरी आहे असं कुणी विचारलं, तर ह्या दोघांना सांगू दे."