अकरा फ्रेमचा उशीर

बाबा हरले की दोष टीव्हीचा, हे आमच्या घरात ठरून गेलं होतं. भिंतीवरचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला उशीर करतो, बटण दाबलं तरी खेळातलं विमान जरा थांबूनच उडी मारतं, मग माणूस काय करणार? हे मीच सगळ्यांना समजावलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. सर्किट बनवणं हा माझा धंदा. या विषयावर घरात माझ्यापुढे कुणी तोंड उघडत नाही.

खेळ आमच्या लहानपणीचा. एक छोटं विमान, गुहांची रांग, आणि तिसऱ्या गुहेत वरखाली होणारं लोखंडी फाटक. ते उघडण्याआधी तीनदा टुक वाजतं आणि उघडं राहतं फक्त दहा फ्रेम. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र. सेकंदाला अशी साठ. मी आणि धाकटा भाऊ तिथे रडकुंडीला यायचो. मग बाबा कामावरून यायचे, बूटही न काढता आमच्या हातातून कंट्रोलर घ्यायचे, तीन टुक ऐकायचे आणि म्हणायचे, "आत्ता!" विमान पार. ते चुकलेले मला एकदाही आठवत नाहीत. बाबा क्रेन चालवतात. तीस वर्षं उंचावरच्या केबिनमध्ये बसून ते दोन-दोन टनांचं ओझं माणसांच्या डोक्यावरून नेतात आणि सांगाल तिथे अलगद टेकवतात. या कामाबद्दल ते नाकावर माशी बसू देत नाहीत.

पण गेलं वर्षभर फाटक त्यांना दाद देत नव्हतं. ते हसण्यावारी न्यायचे, पण कंट्रोलर ठेवताना जरा आपटायचे. म्हणून मी ठरवलं, या वाढदिवसाला बाबांना ते फाटक पार करून द्यायचंच.

भंगारवाल्याकडून मागे पोट सुटलेला जुना काचेचा टीव्ही आणला. तो जिन्यावरून चढवायला धाकटा आणि बाबांच्याच साइटवरचा त्याचा सोबती मफलर आले होते. धाकटा आणि मफलर दोघांचंही काम एकच: क्रेनच्या हुकाला ओझं अडकवायचं आणि ते उतरलं की सोडवायचं. मफलरचं खरं नाव मला माहीत नाही. भर उन्हातही त्याच्या गळ्यात मफलर असतो.

"ताई, यात कुणी माणूस बसलाय का?" धाकटा मध्यावर धापा टाकत म्हणाला.

"काकांसाठी आहे ना? मग काकांनाच सांगा की उचलायला," मफलर म्हणाला. "त्यांनी खिडकीतून आत ठेवला असता आणि आपल्याला कळलंही नसतं."

टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा मी स्वतः बांधला. त्यात एफपीजीए नावाची चिप असते. ती कोरी येते. आतलं सर्किट कसं जोडायचं ते तिला सांगितलं की ती तेच यंत्र होऊन बसते. मी तिला आमचं जुनं खेळाचं यंत्र केलं. नक्कल करणारा प्रोग्राम नव्हे, ठोक्याला ठोका तेच यंत्र. जुना टीव्ही तर चित्र साठवून ठेवतच नाही, सिग्नल आला की त्या क्षणी काचेवर. तपासणीसाठी डब्यात एक मोजणीही घातली होती: फाटक उघडल्यापासून बटण दाबेपर्यंत किती फ्रेम गेल्या, तो आकडा माझ्या लॅपटॉपवर दिसायचा. माझा आकडा एक, कधी दोन. यंत्राचा उशीर उरलाच नव्हता, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

रविवारी दुपारी बाबा टीव्हीसमोर बसले. काच चरचरली, विमान उजळलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की माझ्या सगळ्या कष्टांचं सार्थक झालं.

"झालं! आता हे जेवायलाही उठायचे नाहीत," आई म्हणाली.

पहिली गुहा, दुसरी गुहा. तिसरीत टुक, टुक, टुक. "आत्ता!" बाबा म्हणाले. विमान फाटकावर आपटलं.

"हात बसायला वेळ लागतो," आई म्हणाली.

पुन्हा आपटलं. दहाव्यांदाही. मी लॅपटॉपकडे पाहिलं: अकरा. बारा. अकरा. म्हटलं, बटण खराब असेल. कंट्रोलर उघडला, पुसला, तार बदलली. मी खेळले: एक. धाकटा खेळला, तो लक्ष न देता खेळतो तरी तीन. पुन्हा बाबा: अकरा. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्याच कामात चूक निघावी म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

मग मी पडद्याकडे न बघता नुसतं ऐकायला लागले. "आत्ता" बरोबर वेळेवर येत होतं, फाटक उघडत होतं त्याच क्षणी. बटणाचा टक मात्र त्यानंतर वेगळा ऐकू येत होता. पूर्वी शब्द आणि टक एकच असायचे. बाबांचे डोळे बरोबर होते, कान बरोबर होते, तोंड बरोबर होतं. अंगठा मागून येत होता.

बाबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "डब्यात काहीतरी राहिलंय ना गं?"

आई माझ्याकडे बघत होती, धाकटाही. मला बाबांच्या रागाची भीती आहे, पण त्या वेळी ते रागावले नव्हते, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"हो बाबा. एक सेटिंग राहिलंय," मी म्हणाले.

"बघ, यंत्रातच होतं काहीतरी!" आई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती चहा टाकायला गेली. अकरा फ्रेम म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्साही नाही. पण हलतं ओझं तेवढ्यात जवळपास हातभर सरकतं. आणि उद्या सकाळी आठ वाजता त्या ओझ्याखाली माझा भाऊ उभा राहणार होता.

मी धाकट्याला गॅलरीत ओढला, दार लावलं आणि सगळं सांगितलं. "उद्या कामावर जायचं नाही. कारण काहीही सांग."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, मी बाबांच्या हुकाखाली नसतोच."

"म्हणजे?"

"तीन महिने झाले. त्यांनीच मला पलीकडच्या क्रेनवर पाठवलं. सगळ्यांसमोर म्हणाले, याचं कामात लक्ष नसतं, मला हा नको. मला इतकी लाज वाटली की घरी बोललोच नाही."

"मग तिथे कोण असतं?"

"मफलर. बाबांनीच मागून घेतला." आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं, आणि त्याने गॅलरीचा कठडा घट्ट धरला.

आत बाबा आवाज बंद करून खेळत होते. त्यांचा अंगठा बटणावर होता आणि ओठ हलत होते. मी समोर जाऊन उभी राहिले, मागे धाकटा.

"बाबा, डबा बरोबर आहे."

"माहीत आहे," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "तुझं काम चुकत नाही."

"ह्याला तिथून का काढलंत?"

आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली.

"तीन महिन्यांपूर्वी," बाबा म्हणाले, "खांबाचं लोखंड उतरवत होतो. थांबवायचं ठरवलं आणि ते थांबलं नाही. थांबलं, पण नंतर. हा खाली वाकला होता. त्याला कळलंही नाही."

"आणि तरी तुम्ही रोज वर चढता?" माझा आवाज चढला. "स्वतःचा मुलगा बाजूला काढलात आणि दुसऱ्याचा आणून उभा केलात?"

"हळू बोल गं," आई म्हणाली.

"तुझ्या आजोबांचा आधी हातच गेला होता," बाबा म्हणाले. "मग पाय, मग जीभ. नऊ वर्षं अंथरुणात. मी त्यांना भरवायचो. डॉक्टरकडे गेलो की त्याच आजाराचं नाव सांगणार. मला भीती वाटते. वर केबिनमध्ये असलो की वाटतं, आजचा दिवस तरी गेला." त्यांनी कंट्रोलर माझ्याकडे धरला. "तुला यात उशीर घालता येईल का? कोणी खेळलं तरी आपटेल असा?"

येईल. एका ओळीचं काम होतं. मग सगळेच आपटले असते आणि घर पुन्हा पूर्वीसारखं हसलं असतं. माझी नजर माझ्याच अंगठ्यावर गेली. मी त्याच बापाची मुलगी. दुपारी मला एक फ्रेम लागली होती, कधी दोन. दहा वर्षांनी किती लागतील?

"नाही घालणार," मी म्हणाले. "मफलरला फोन करा. नाहीतर मी करते."

बाबांनी नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. स्पीकरवर मफलरचा आवाज आला, "बोला काका! बरा चालतो का टीव्ही?"

"उद्या माझ्या क्रेनखाली उभा राहू नकोस."

"माझं काही चुकलं का, काका? सांगा ना. काल साखळीला वेळ लागला म्हणून का? मी सुधारतो. दुसरीकडे नका पाठवू."

धाकट्याने तोंड फिरवलं.

"तुझं काही चुकलं नाही," बाबा म्हणाले. "माझा हात उशिरा चालतो. मी उद्या वर चढणार नाही, साहेबांनाही सांगतो. पण आधी तुला सांगायचं होतं."

"उशिरा म्हणजे? कधीपासून?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि शेवटी धाकट्याकडे. काचेवर विमान फाटकासमोर तरंगत थांबलं होतं.

"तुला मी मागून घेतलं ना," ते म्हणाले, "त्याच्या आधीपासून."

मफलरने फोन ठेवला नाही. त्याच्या घरात एक लहान मूल त्याला जेवायला बोलावत होतं, ते आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.